कानामागची जागा

ऐक रे, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. मिठागराच्या बांधावर खोपीच्या मेढीला हरण्या कुत्रा बांधलेला. त्याच्यापुढं जनी, हात पसरून. आणि समोर तिचाच नवरा काशिराम, दांडका घेऊन.

"बाजूला हो, जने."

"नाय होत."

"अगो, खंड्याची जखम यानंच चाटली ना? तो पिसालला, आता याची पाली."

ही पन्नास सालची गोष्ट, आपल्या पनवेलच्या खाडीवरची. जनीचे दोन कुत्रे, खंड्या नि हरण्या. पौषात तिवरांतून पिसाळलेला कोल्हा आला आणि खंड्याला कानामागं चावला. आता कानामागं कुत्र्याची स्वतःची जीभ पोचते का? नाही ना! म्हणून हरण्या रोज ती जागा चाटून साफ करायचा, अगदी आईनं पोराला न्हाऊ घालावं तसा. मग आपला कान पुढं करायचा, की आता तू माझा चाट. जनी हसायची, "आपली पाठ आपल्याला चोलता येते का? तसाच हाय त्यांचा."

जखम भरली. आणि शिमग्याच्या तोंडावर खंड्याच्या तोंडाला फेस आला. लोकांनी त्याला मारला, बांधाखाली पुरला, वर टोपल्या टोपल्या मीठ ओतलं. रोग वर येऊ नये म्हणून रे, मिठागरातली रीतच ती.

"सकालधरनं पानी पितोय तो," जनी म्हणाली. "पिसाललेला पानी पितो काय?"

काशिराम जरा घुटमळला. "दिवस बुडंपर्यंत थांबतो. मंग मधी यायचा नाय."

दिवस कलला. वारा साफ पडला, कोंड्यांतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यांतलं, पाणी हलेना. आणि हरण्या उठला. मान लांब केली नि हवाच चाटायला लागला! एकाच जागी, खंड्याचा कान जेवढ्या उंचीवर असायचा ना, बरोबर तिथंच. हळूहळू, जपून. मग डोळे मिटले आणि आपला कान पुढं केला.

तो कान हलायला लागला. केस एका बाजूला बसत गेले.

जनीनं जाऊन हात लावला. ओला! आणि वाळता वाळता त्यावर पांढरं मीठ फुटलं.

"खाडीचा वारा हाय," काशिराम पुटपुटला.

"कुठं हाय वारा?"

काशिरामाच्या तोंडचं पाणी पळालं. "जने, खंड्या याला न्यायला आलाय. सर बाजूला."

जनी सरली नाही. ती हरण्यापुढं उकिडवी बसली आणि दोन्ही तळवे उघडे धरले. रोज काम सुटल्यावर धरायची तसेच. मिठानं हाताला भेगा पडलेल्या, आत लाल मांस दिसायचं. दोन्ही कुत्रे त्या चाटायचे. उजवा तळवा हरण्याचा, डावा खंड्याचा. कधी अदलाबदल नाही.

"हात काढ! येडी झालीस काय? भेगांतून विष जाईल, सुया घ्यायला ममईला कोन नेनार तुला?"

हरण्यानं तोंड उजव्या तळव्यापाशी आणलं आणि थांबला. विचारत असल्यासारखा. जीभ अजून टेकलीच नव्हती.

आणि जनीचा डावा तळवा ओला झाला.

दांडका काशिरामाच्या हातात तसाच. जनी हलली नाही. दोन्ही तळवे उघडे.

आता सांग. तू असतास तर हात मागं घेतला असतास? आणि कुठला?