मांडवाची तार

मी सागाच्या सालीखालचा ओलसर थर बोलतोय. कागदासारखा पातळ, म्हणून मला कुणी ओळखत नाही. पेठ तालुक्यात चांगुणाच्या दाराशी आमचं झाड उभं आहे. लोक म्हणतात, झाड जाड झालं. जाड करतो मी.

माझ्या पेशी सारख्या एकीच्या दोन होत असतात. बाहेरच्या अंगाला पडतात त्यांची साल होते, आतल्यांचं लाकूड. या आतल्यांचं मला फार कौतुक वाटतं. त्या आपल्या भिंती जाड, टणक करतात आणि मग आतून रित्या होऊन मरतात. त्यांच्या पोकळ नळ्यांतूनच मुळांचं पाणी शेंड्यापर्यंत चढतं. पावसाळ्याच्या तोंडाला मी रुंद नळ्या करतो, पुढे बारीक. पानं गळाली की चक्क झोपतो. असं वर्षाला एक कडं होतं.

शहाण्णव साली चांगुणाच्या लेकीचं, रंगूचं लग्न झालं. मांडवाची एक तार आमच्या बुंध्याला गच्च आवळली होती. मांडव निघाला, तार राहिली. रंगू नवऱ्याबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला गेली. चांगुणा येता-जाता त्या तारेवरून हात फिरवायची. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

पण मला वाढायचं होतं, तारेला नव्हतं. चार वर्षांत ती सालीत रुतली. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं, ते वरच अडलं. तारेच्या वर गाठ फुगली, खाली मुळं उपाशी. शेंडा वाळायला लागला. चांगुणाने शेण लिंपलं, पाणी घातलं, पण तार कुणाला काढू देईना.

भातलावणीला रंगू माहेरी आली. तिने शेंडा बघितला, मग तार चाचपली.

“आये, बागेत आम्ही वेलाच्या सालीचं बारीक कडं काढतो. अन्न वरच राहतं, मणी फुगतो. पण ती जखम पुढं भरती. ही तार भरूच देत नाय. झाड मरंल.”

“तुझ्या मांडवाची हाय ती. घरात तुझं दुसरं काय उरलंय?”

“मी हाय ना. येते ना मी.”

चांगुणा उठून घरात गेली. मग पक्कड तिनेच आणली. तारही तिनेच तोडली. एका बाजूचा बोटभर तुकडा इतका खोल गेला होता की निघालाच नाही.

मी लगेच कामाला लागलो. जखमेच्या दोन्ही कडांनी पेशी सरकवत नेल्या आणि तीन पावसाळ्यांत खाच बुजवली. आता दोन हजार सहा साल आहे, शेंडा हिरवागार आहे. चांगुणा अजून बुंधा चाचपते. तिच्या हाताला तार लागत नाही.

चांगुणा, पुढच्या मांडवाला दोरी सैल बांध आणि आठवणीने सोड. तो बोटभर तुकडा मात्र शोधू नकोस. दरवर्षी मी त्याच्यावर एक कडं चढवतो. तू हात ठेवतेस ना, बरोबर त्याच्याखाली आहे तो.