नाहिदची तेहेतिसावी फेरी

लोहाऱ्याच्या पोहण्याच्या टँकवर सराव संपला की मुलं अतुल सरांच्या मोबाइलभोवती गोळा होतात. त्या संध्याकाळी पडद्यावर परदेशातली एक शर्यत चालू होती. एका मुलीने आठशे मीटरचा जागतिक विक्रम मोडला होता. पाण्यावर सरकणारी रेघ म्हणजे जुना विक्रम, हे मी मुलांना समजावत होतो. बघता बघता ती मुलगी रेघेच्या कितीतरी पुढे निघून गेली.

"गोळी खाल्ली असंन हिनं," साद म्हणाला.

"तुले काय मालूम? तू देऊन आलता काय?" नाहिदने विचारलं.

"अबे, इतकं कोनी आपोआप पोहते काय? हे लोकं सुया घेते."

"पुरावा आहे का रे तुझ्याकडे?" मी म्हणालो.

"गुरुजी, पुरावा काय करता? टाइम पाहा ना!"

सगळे हसले. नाहिदही हसली.

मी शाळेतून निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली. मुलांची पाण्याची भीती घालवणं एवढंच माझं काम. पुढचं, घड्याळाचं काम अतुलचं. नाहिदला मीच विहिरीत पाठीला डबा बांधून पहिल्यांदा सोडलं होतं. तिचे वडील इकबालभाई ट्रकचे मिस्त्री. मुलीला पोहायला पाठवतो म्हणून घरच्यांचं ऐकून घेतात, पण रोज स्वतः आणून सोडतात.

पुढच्या आठवड्यात नाहिद आठशे मीटर पोहली आणि अतुल घड्याळाकडे बघतच राहिला. ज्युनिअर मुलींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेआधी निवड शिबिर असतं. त्यासाठी जी वेळ लागते, तिच्याही आत ती आली होती. अतुलने लगेच राज्य संघटनेला कळवलं आणि शिबिराचं बोलावणं आलं.

बोलावण्यामागोमाग कुजबुज आली. नाहिदच्या पिशवीत निळ्या झाकणाची एक डबी असते आणि पाण्यात उतरण्याआधी ती त्यातलं काहीतरी चाटते, हे कोणीतरी पाहिलं होतं.

"हकिमाची दवा हाय म्हन्ते," बसंतीबाई मला म्हणाल्या. त्यांची मुलगी उर्वशी शर्यतीत नाहिदच्या मागोमाग दुसरी येते. "मी कोनाचं नाव नाई घेत, गुरुजी. पन मागच्या वर्षी दोघी बरोबर होत्या. आता एकदम इतका फरक कायचा?"

मी त्यांना गप्प केलं खरं, पण दुसऱ्या दिवशी माझंच लक्ष पिशवीकडे गेलं. नाहिदने पाठ फिरवली, झाकण उघडलं, बोट चाटलं. पाठ का फिरवली असेल? मी जवळ गेलो.

"काय आहे ते?"

"माजून हाय, गुरुजी. अम्मी देते. बादाम, शहद आन काय काय."

"काय काय म्हणजे?"

तिने डबी माझ्या हातात दिली. मी वास घेतला. वेलची आली, बाकी काही कळलं नाही.

"तुमाले बी शक हाय?" तिने विचारलं.

मी उत्तर द्यायला उशीर केला. तिने डबी काढून घेतली आणि पाण्यात उतरली. त्या दिवशी ती माझ्याकडे एकदाही बघून हसली नाही.

संध्याकाळी इकबालभाई आले. हात ग्रीसने काळे, डोळे लाल.

"गुरुजी, गॅरेजवर लोकं इचारून राह्यले, पोट्टीले कोनतं इंजेक्शन देता म्हनून. टेस्ट करून घ्या तिची. काही निघालं तं तिचं पोहनं बंद."

"आणि नाही निघालं तर?"

"तरी लोकं बोलतीनच. मंग कायले पाठवू? शिबिराच्या आधी तुमी मले साफ सांगा. नाई सांगू शकले, तं पोट्टी घरी."

नाहिद दाराशी उभी राहून ऐकत होती.

रात्रभर मी मनातल्या मनात नाहिदला तपासत राहिलो, मग तिच्या आईला, मग अतुलच्या घड्याळाला. सकाळी टँकवर गेलो तर साद पायरीवर फुरंगटून बसलेला.

"काय झालं रे?"

"माहा बी टाइम उतरला, गुरुजी, पयल्यापेक्षा लवकर येतो. पन माह्यावर कोनी शकसुद्धा घेत नाई!"

"तू काय खाल्लंस?"

"भजे."

मी हसलो आणि मध्येच थांबलो. सादचाही उतरला? मी अतुलला विचारलं, आणखी कुणाकुणाचा उतरला. तो चाचरला. सगळ्यांचाच, म्हणाला. त्याला वाटलं, आपलं शिकवणं फळाला आलं. पन्नास मीटरला फरक जेमतेम, आठशेला मात्र भरपूर. उर्वशीचाही उतरला होता, फक्त ती दुसरी आली म्हणून कोणी बोललं नव्हतं.

औषध एकाला चढेल. भजी खाणाऱ्या सादला आणि माजून चाटणाऱ्या नाहिदला सारखंच कसं चढलं? मी पाण्याकडे बघितलं. मग उन्हाळ्यात डागडुजी झालेल्या भिंतींकडे.

"मुलांनो, टेप आणा. आज टँक मोजायचा."

"त्याच्यावर पंचवीस मीटर लिहेल हाय ना, गुरुजी," उर्वशी म्हणाली.

"लिहिलेलं वाचता येतं मला. मोजून सांगा."

मुलांनी दोन्ही टोकांना टेप धरला. एकदा, मग जागा बदलून पुन्हा. पंचवीसला अर्धा मीटर कमी भरत होता.

उन्हाळ्यात टँकच्या दोन्ही टोकांच्या भिंतींतून पाणी झिरपत होतं. दुरुस्तीला मारेगावकडचे नागोराव मिस्त्री आले होते. विहिरी बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. मी त्यांना फोन लावला.

"जुन्या भिंती तोडल्या होत्या का, नागोराव?"

"कायले तोडू? विहिरीले कधी तोडते काय? जुनी खचली का आतून नवी बांधाची. दोन्हीकून ईट लावली, पलस्तर केलं, वरून टायली. काहून? पाझरून राह्यली काय?"

"नाही, थेंब पाझरत नाही."

"मंग!" ते समाधानाने म्हणाले.

विहीर आतून अर्धा मीटर कमी झाली तर कुणाचं काही बिघडत नाही. मी मुलांना बसवलं.

"एका फेरीत अर्धा मीटर कमी. आठशेला बत्तीस फेऱ्या. किती कमी?"

"सोळा!" साद ओरडला, मग त्याने टेपकडे बघितलं. "म्हन्जे आपन आठशे पोहलोच नाई?"

"नाही. म्हणून जगात कुठेही विक्रम मानण्याआधी तलाव मोजून घेतात."

अतुल मला बाजूला घेऊन गेला. "गुरुजी, बोलावणं आलंय. शिबिरात ती मोठ्या तलावात पोहेलच की. आत्ताच कशाला सांगायचं?"

मागून नाहिद म्हणाली, "तिथं टाइम नाई आला तं लोकं म्हनतीन, गोळी सुटली म्हनून आली नाई. कळवा, सर."

"बोलावणं रद्द होईल, बेटा."

"होऊ द्या." तिने चष्मा डोळ्यांवर ओढला. "पन मी आज पोहते. बत्तीस नाई, तेहेतीस फेऱ्या. म्हन्जे आठशेच्या वरच होते ना, गुरुजी?"

मी मनात हिशेब केला. होत होतं.

मी इकबालभाईंना बोलावून घेतलं, बसंतीबाईंनाही. नाहिदने निळ्या झाकणाची डबी न उघडताच बसंतीबाईंच्या हातात दिली. "संभाळा, काकू." बसंतीबाईंना ती कुठे ठेवावी कळेना.

ती पोहली. मुलं काठाने धावत फेऱ्या मोजत होती. बत्तिसावीला सवयीने तिचा हात भिंतीला टेकला आणि क्षणभर ती थांबल्यासारखी वाटली. "अजून एक!" उर्वशी सगळ्यांत मोठ्याने ओरडली. ती वळली.

अतुलने घड्याळ दाखवलं. शिबिराच्या वेळेत ती बसत नव्हती. मागच्या वर्षीच्या तिच्या वेळेपेक्षा मात्र पुढे होती, आणि तेही आठशेपेक्षा साडेआठ मीटर जास्त पोहून.

अतुलने तिथूनच संघटनेला फोन केला. बोलावणं रद्द झालं. नाहिद काठाला धरून तोंड पाण्यात घालून राहिली, रडते की दम खाते ते कळत नव्हतं.

इकबालभाई काठावर उकिडवे बसले.

"गुरुजी, हा टाइम पक्का?"

"पक्का. मुलांनी मोजलेला."

"ह्याच्यावर कोनी बोट ठेवू शकत नाई?"

"ठेवलं तर टेप देईन त्याच्या हातात."

ते पुढे सरकले. मग नाहिदच्या डोक्यावर टॉवेल टाकत म्हणाले, "चाल, निंघ भाईर. सर, उद्या किती वाजता आनू हिले?"