पोपच्या राजीनाम्याचं कोरं प्रकरण

मी एक जुना टाइपरायटर आहे. राजीवला मुलगी झाली ते १९८४ साल. तेव्हा त्याचे वडील पुरुषोत्तम अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी विद्यापीठात इतिहास शिकवत होते, आणि माझ्यावर एक पुस्तक टाइप करत होते: पद सोडणाऱ्या पोपांचा इतिहास.

मित्रांनो, पोप बहुधा मरेपर्यंत पोपच राहतो. आपण होऊन उतरलेले फार थोडे. १२९४ साली पाचव्या सेलेस्टाइनने पाच महिन्यांत पद सोडलं. त्याला पुन्हा डोंगरात एकट्याने राहायचं होतं. नव्या पोपने त्याला किल्ल्यात कोंडलं. तिथेच तो मेला. या ओळीपाशी पुरुषोत्तमांची बोटं दर वेळी अडखळत.

बारशाचं सांगायला राजीव ओहायोतल्या डब्लिनहून आला. त्याने टेबलावरचं प्रकरण उचललं.

“बाबा, ही सगळी पानं ब्लँक आहेत.”

“चष्मा बदल तुझा.”

“शाईची रिबन सुकलीय, बाबा. तुम्हाला दिसलं नाही?”

त्यांना दिसत नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मला वाचा कुठली? मी ओळीमागून ओळ घंटी वाजवत राहिलो होतो.

राजीवने नवी रिबन घातली. तिच्यावर पहिला कागद टाइप झाला तो त्यांच्या नोकरीचा राजीनामा. एकही चूक नव्हती.

“झालो सेलेस्टाइन. आता माझा किल्ला कुठला, तेवढं सांग.”

“काहीतरीच काय, बाबा! आमच्याकडे चला. शेवटचं प्रकरण आरामात लिहा.”

डब्लिनचं घर मोठं, उबदार होतं. राजीवने काळजीपोटी त्यांच्या गाडीची किल्ली काढून घेतली. खडखडाटाने बाळ उठतं म्हणून मला बेसमेंटमध्ये ठेवलं. रिबन पुन्हा सुकली.

“आणलीस का रे?”

“वीकेंडला नक्की, बाबा.”

असे कितीतरी वीकेंड गेले. एका सकाळी ते सपाता घालून, बर्फातून रिबन आणायला निघाले. शेजाऱ्यांनी परत आणलं. त्या दिवसापासून दाराला वर, त्यांचा हात पोहोचणार नाही अशी कडी लागली.

तरी ते कठडा धरून खाली येत आणि टाइप करत. या वेळी शाई नाही हे त्यांना माहीत होतं. मीही अंगात होता तेवढा जोर लावून कागदावर अक्षर मारत होतो.

मित्रांनो, ती पानं कोरी म्हणून टाकू नका. त्यांवर बोट फिरवा; प्रत्येक अक्षराचा खळगा लागेल. आणि घरातलं म्हातारं माणूस काही मागत असेल, तर ते आजच आणून द्या.

पुरुषोत्तम ९ फेब्रुवारी १९८७ रोजी सकाळी डब्लिनच्या घरी वारले. दाराला कडी होती.