एक्केचाळीस अंकी

कारागिराने काळ्या दगडावरची भुकटी फडक्याने झटकली आणि बाईंसाठी स्टूल पुढे सरकवलं. दगडावर पेन्सिलीने एक लांबलचक संख्या आखलेली होती. चार ओळी, एक्केचाळीस अंक. उद्यापासून छिन्नी लागणार होती.

"काकू, तुम्ही नुसती नजर टाका," विभागप्रमुख म्हणाला. बाईंच्या नवऱ्याचा हा जुना विद्यार्थी. सर गेल्यावर विभागाच्या दारात त्यांच्या स्मरणार्थ दगड बसवायचा, ही कल्पना त्याचीच. "आकडा मी जातीने तपासलाय. तुमच्या डोक्याला कशाला ताप? सरांचं नाव नीट आहे ना, तेवढं बघा."

नाव नीट होतं. त्याखाली ओळ होती : ही संख्या अविभाज्य आहे, हे यांनी सिद्ध केले.

रीत सरांची होती, त्याबद्दल वाद नव्हता. पण रीत दोन पानांत संपली. पुढची सहा वर्षं बाईंची. जेवणाच्या टेबलावर हाताने फिरवायचं गणनयंत्र. एका गुणाकाराला दोन दिवस, पडताळ्याला तिसरा. मुलगी तापाने फणफणलेली असतानाही एक हात तिच्या कपाळावर आणि दुसरा यंत्राच्या दांड्यावर. अखेर बाकी शून्य आली, म्हणजे सरांच्या रीतीप्रमाणे संख्या अविभाज्य ठरली, तेव्हा सर परगावी व्याख्यानाला गेले होते.

निबंध छापून आला. तळटिपेत होतं : 'हस्तलिखिताची सुवाच्य प्रत करून दिल्याबद्दल पत्नीचे आभार.'

"सुवाच्य प्रत?" बाईंनी विचारलं होतं.

"आकडेमोड काय, कोणीही केली असती," सर म्हणाले, आणि चहा मागितला. बाईंनी तो करूनही दिला.

आता त्या एकेका अंकावरून बोट फिरवू लागल्या. तिसऱ्या ओळीत बोट थबकलं. तिथे एक हवा होता, नऊ होता.

त्यांनी मनातल्या मनात सगळ्या अंकांची बेरीज केली. एकशे एकोणनव्वद. बेरजेला तिनाने भाग जातो, म्हणजे संख्येलाही जातो. कसली अविभाज्य नि कसलं काय! चौथीतल्या पोरानेसुद्धा ओळखलं असतं.

"मूळ कागद बघू?"

कागदावरही नऊच होता. खाली विभागप्रमुखाची झोकदार सही.

"काही चुकलंय का, बाई?" कारागिराने विचारलं. "आत्ताच सांगा. आत्ता बोटाने पुसलं तरी जाईल. एकदा कोरलं की इलाज नाही."

"अहो, काकूंना काय विचारता आकड्यांचं!" विभागप्रमुख घड्याळाकडे बघत हसला.

बाईंचं बोट अजून त्या नवावरच होतं. त्यांनी ते अलगद उचललं आणि टोकाला लागलेलं शिसं रुमालाला पुसलं.

"छान झालंय," त्या कारागिराला म्हणाल्या. "फक्त खोल कोरा. पुसट व्हायला नको."