कंपासपेटीतले तांबडे दोरे

शनिवारची सकाळची शाळा होती. निशिगंधाच्या दप्तरातल्या कंपासपेटीत त्या दिवशी पेन्सिल नव्हती की पट्टी नव्हती. होते फक्त तांबडे दोरे, बोटभर लांबीचे, शंभराच्या वर. साखरखेर्ड्याच्या रस्त्याने चालताना तिला वाटत होतं, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ते दप्तरातून दिसताहेत.

दोरे तिच्या आबाजींच्या, म्हणजे आजोबा वामनरावांच्या, शेडनेटमधले. तिथे मिरचीचं बियाणं तयार होई. बाया एकेका फुलाला हाताने पराग लावत आणि लावल्याची खूण म्हणून देठाला दोरा बांधत. दोरा असलेलीच मिरची बियाण्याला चाले, बाकीची तोडून टाकायची. या कामात गोजरबाईचा हात सगळ्यांत हलका. तिची मुलगी पुष्पांजली निशिगंधाच्याच वर्गात, सातवीत, एकाच बाकावर.

बुधवारी धडा वाचताना निशिगंधा अडखळली आणि सगळ्यांबरोबर पुष्पांजलीही हसली. त्याच संध्याकाळी, बाया घरी गेल्यावर, निशिगंधाने गोजरबाईच्या ओळीतले दोरे एकेक करून ओढून काढले. राग निवला तोवर ओळ संपली होती. आता कुठल्या फुलाला पराग लावला आणि कुठल्याला नाही, हे कुणालाच सांगता आलं नसतं. गुरुवारी ओळीत एकही दोरा दिसेना, तेव्हा वामनरावांनी चार बायांसमोर गोजरबाईला कामचोर म्हटलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिने पदर सारखा केला, डबा उचलला आणि निघाली. निशिगंधा पाण्याच्या टाकीमागून बघत होती.

त्यांच्या वर्गाचे उत्तमराव सर निवृत्तीला आले होते. शनिवारी शेवटच्या तासाला ते बाक भिंतीला लावायला सांगत आणि मुलांबरोबर जमिनीवर गोल करून बसत. नदीतला एक काळा गुळगुळीत दगड हातोहात फिरे. दगड ज्याच्या हातात त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बोलायचं नसेल तर नुसता पुढे दिला तरी चाले. सरांचे प्रश्न ठरलेले: काय झालं? तेव्हा मनात काय होतं? त्रास कोणाकोणाला झाला? आता काय केलं म्हणजे बरं होईल? ‘काऊन केलं’, का केलं, हे मात्र ते कधी विचारत नसत. त्याने मुलं कारणं रचायला लागतात, असं ते म्हणत.

दगड पुष्पांजलीकडे आला. ती खाली बघूनच बोलली.

“माही माय दोन दिवसांपासून सोताचे हात पाहून राह्यली. म्हणते, दोरे बांधाचे राहूनच गेले असतील का वं? तिले आता सोताचाच भरोसा वाटत नाही.”

तिच्या आणि निशिगंधाच्या मध्ये तीन मुलं होती. त्यांतल्या शिवमने बहिणीच्या सायकलची हवा सोडल्याचं कबूल केलं. “मंग ढकलत आणली ना मीच,” म्हणाला, आणि सगळे हसले. निशिगंधाला ते हसू कुठूनतरी लांबून ऐकू आलं. दगड तिच्या हातात आला तेव्हा सर मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते. नुसता पुढे दिला असता तर कुणी काही म्हटलं नसतं.

तिने कंपासपेटी उघडून गोलाच्या मध्ये ठेवली.

सरांनी हळूच एकेक प्रश्न विचारला. ती बोलली. मनात काय होतं? पुष्पांजलीलाही एकदा सगळ्यांसमोर लाज वाटावी. त्रास कोणाला झाला? तिने पुष्पांजलीकडे बघितलं. मग सरांनी पुष्पांजलीला विचारलं, काय केलं म्हणजे बरं होईल.

“तुह्या आबाजीले सांग,” पुष्पांजली म्हणाली. “माह्यासमोर.”

आबाजींचा आवाज चढला की बैलसुद्धा कान पाडायचे. सरांनी दगड तिच्या मुठीत ठेवला आणि सोबत येतो म्हणाले. पण शेडनेटच्या दारापाशी आल्यावर ते बाहेरच थांबले. बोलायचं तिनेच होतं.

वामनराव आत ठिबकची नळी जोडत होते. दोन्ही पोरींना बघून त्यांनी तोंड उघडलं, तोच पुष्पांजलीने सांगून टाकलं, “दगड ज्याच्याजवळ तोच बोलते.” एवढ्याशा पोरीने आपल्याला थांबवलं याचंच त्यांना नवल वाटलं असावं. ते बांधावर बसले. निशिगंधाने पेटी उघडली आणि डोळे मिटूनच सगळं सांगितलं. मग हात लांब करून दगड त्यांच्यापुढे धरला आणि ओरड्याची वाट बघत राहिली.

ओरडा आला नाही. तिने डोळे उघडले. दगड आबाजींच्या बोटांत थरथरत होता. आबाजींनाही भीती वाटते, हे तिला माहीत नव्हतं.

“चार बायांसमोर बोललो मी तिले,” ते म्हणाले. “आता चार बायांसमोरच सांगा लागन.”

त्यांनी दगड पुष्पांजलीला दिला आणि उठले. चपला पायांत घालता घालता त्यांनी तिला विचारलं, “तुही माय घरीच हाये का?”

पुष्पांजलीने होकाराची मान हलवली. निशिगंधाने पेटी उचलली. दोरे आता गोजरबाईच्या हातात द्यायचे होते. ती आबाजींच्या मागे निघाली.