सिमेंटच्या बैलाला आवतण

बारदानाचा कोंदट, गोडसर वास.

झोक्याची एक साखळी आहे, दुसरी नाही.

"अर्धी निशाणी बी निशाणीच असती, माय."

करड्या खांद्यावर पिवळी हळद.

कारखान्याचा भोंगा आता वाजत नाही, पण कुत्री अजून त्याच वेळेला गळा काढतात.

ओली, खरखरीत जीभ. माझी नव्हे.

मित्रांनो, हे माझ्याच आयुष्याचे तुकडे आहेत. मी एक जुना सिमेंटचा बैल आहे. हाडामांसाच्या बैलाला आधी तहान लागते आणि मग पाणी मिळते, म्हणून त्याला आधीचे आणि नंतरचे कळते. सिमेंटला सगळे एकदमच आठवते. तरी तुमच्यासाठी ओळीने सांगून पाहतो. मध्येच चुकलो तर सांभाळून घ्या.

लिंबागणेशच्या रस्त्याला एका सहकारी साखर कारखान्याची वसाहत होती. वसाहतीच्या मागे बाग होती आणि बागेच्या मधोमध मी. माझ्या पोटात सळया आणि विटांचे तुकडे आहेत, वरून जाळी आणि सिमेंट. पाय जमिनीत खोल पुरलेले. उद्घाटनाला विठ्ठलराव आले होते. ते कारखान्याचे अध्यक्ष. माझ्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "शेतकऱ्याच्या कारखान्यात बैलाचा मान पहिला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढी स्तुती माझी पुन्हा कुणी केली नाही, म्हणून ती सांगून टाकली.

बाग लहान होती आणि शांत होती. तिथे लाउडस्पीकर नव्हते, गाणी नव्हती. कारखान्यातली पाळी सुटली की माणसे घरी जाऊन हातपाय धूत आणि बायकामुलांना घेऊन येत. पुरुष हिरवळीवर चपला काढून बसत. बायका शेंगा फोडत, एकमेकींच्या वेण्या घालत. कुणी मोठ्याने बोलले तर आजूबाजूचे वळून बघत. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसेही बाजार करून परतताना घटकाभर टेकत, आणि त्यांना कुणी उठवत नसे. मुले मात्र माझ्यावर असत. एक मानेवर, एक वशिंडाला धरून, दोन मागे. त्यांच्या चड्ड्यांनी माझी पाठ अशी गुळगुळीत झाली की तिच्यावर ऊन चमके. एक कान कुणाच्या तरी लोंबकळण्याने गेला. मला त्याचे वाईट वाटले नाही. वापरल्यावर वस्तू झिजणारच.

आश्रुबा आणि बायनाबाई तेव्हापासून येत. जवळच्या वस्तीवरचे शेतकरी जोडपे. बाजारच्या दिवशी ते बैलगाडी फाटकाशी सोडत आणि भेळेचा पुडा घेऊन माझ्यासमोरच्या बाकावर बसत. आश्रुबा एकदा म्हणाले, "ह्यो बैल लई गुणाचा. खात न्हाई, पीत न्हाई, शेण टाकत न्हाई."

"आन कामबी करत न्हाई," बायनाबाई म्हणाल्या. "तुमच्यासारका."

आश्रुबांना इतके हसू आले की भेळ नाकात गेली.

फाटकाबाहेर त्यांचा पाखऱ्या उभा असे. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. तो मला बघून एकदा हंबरे. मी उत्तर देत नसे, म्हणून तो पुन्हा हंबरे. शेवटी कंटाळून वैरणीत तोंड घाली.

मग पाऊस आला नाही. दुसऱ्या वर्षी आला नाही. तिसऱ्या वर्षी लोकांनी आभाळाकडे बघणेही सोडले. ऊस संपला तसा बॉयलर विझला, आणि वसाहतीतली कुलुपे वाढत गेली. हिरवळीचे आधी गवत गेले, मग मातीचे पापुद्रे उठले. झोक्याची एक साखळी कुणीतरी काढून नेली. मुले गेली. फाटकावर सटवा नावाचा रखवालदार तेवढा उरला, कारण त्याला जायला दुसरी जागा नव्हती. त्याची नजर चुकवून कडूबाई नावाची मेंढपाळाची बायको शेळ्या आत घाली. कुंपणाची मेंदी तेवढी अजून हिरवी होती.

पाखऱ्याचा जोडीदार आदल्या उन्हाळ्यातच मेला होता. त्या आषाढात आश्रुबांनी पाखऱ्याला कडा गावाकडच्या एका बागायतदाराला दिले. तिकडे विहिरीला पाणी होते. बैल दिला तरी दावे देत नाहीत; लक्ष्मी जाते म्हणतात. आश्रुबा नुसते दावे हातात घेऊन परत आले आणि घरी न जाता आधी बागेत आले. बाकावर बसून त्यांनी ते दावे मांडीवर ठेवले. नंतर ते रोज येऊ लागले. बायनाबाई मागोमाग येत आणि फडक्यातली भाकरी त्यांच्यापुढे धरत. अर्धी खाऊन ते बाकीची परत बांधून ठेवत.

"अवो, चक्कर येऊन पडताल की."

"भूक न्हाई गं."

एवढेच बोलणे.

ऊस नव्हता, पाणी नव्हते. कारखान्याची निवडणूक मात्र आली. विठ्ठलरावांच्या पॅनेलला निशाणी मिळाली बैलगाडी. आचारसंहिता लागली तशी वरून कुणी साहेब आला आणि मला झाकायला सांगून गेला. सटव्याने साखरेची रिकामी पोती आणली, दाभण घेतले आणि मला शिंगांपासून खुरांपर्यंत शिवून टाकले. तेव्हापासून पोती निघेपर्यंतचे मी पाहिलेले नाही. ऐकलेले आहे, आणि अंगाला लागलेले आहे.

मित्रांनो, आमच्या भागातला पोळा तुम्हाला ठाऊक असेल. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात. ते हळद आणि लोण्याने चोळायचे आणि बैलाच्या कानात म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी बैल घरच्या पाहुण्यासारखा येतो. त्याच्या तोंडात पुरणपोळीचा घास गेल्याशिवाय घरधन्याने पाण्याशिवाय काही घ्यायचे नाही. आश्रुबांनी हा नेम लहानपणापासून कधी मोडला नव्हता.

बायनाबाईंच्या जिवाला घोर लागला तो याचाच. नवरा आधीच अर्ध्या भाकरीवर आलेला. ज्याच्या दावणीला बैल नाही त्याचा पोळ्याचा उपास सुटायचा कसा? बाकावर त्या दोघांचे बोलणे झाले ते मी पोत्यातून ऐकले.

"सुग्रीव भावजींच्या बैलाला घास द्या."

"त्याला त्याचा धनी हाय. माझा उपास त्याच्यानं कसा सुटंल?"

"मग मातीचा आणू."

"मातीचा देव्हाऱ्यात बसतो. दावणीला न्हाई."

मग बायनाबाई हळूच म्हणाल्या, "ह्याला घालू की आवतण."

"कुणाला?"

"ह्याला. खांदा हाय त्याला. गावाची लेकरं वाहिलीत त्यानं. वझं वाहिलं त्यो बैल."

आश्रुबा उठून माझ्याजवळ आले. पोत्यावरून त्यांचा हात माझ्या मानेवर फिरला, वशिंडावर थांबला. "वाहिलीत खरी," ते म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी मला किती आनंद झाला! उद्घाटनाच्या टाळ्यांपेक्षा जास्त. बैल म्हणून मला पहिल्यांदाच कुणी मोजले होते.

खांदेमळणीच्या संध्याकाळी बायनाबाई सटव्याच्या मागे लागल्या.

"सटवा, लेकरा, पोतं काढ बरं ह्याचं."

"न्हाई जमायचं, माय. निशाणी हाय ती. साहेब नोकरी खाईल माझी."

"निशाणी बैलगाडी हाय न्हवं? मग ह्याला गाडी कुठंय?"

"अर्धी निशाणी बी निशाणीच असती, माय."

"बैलानं कुणाला मत दिलंय का रं आजवर?"

"बैलानं न्हाई दिलं," सटवा म्हणाला, "पण बैलाला लई जणांनी दिलंय."

त्याचे त्यालाच हसू आले, आणि हसला तसा तो नरमला. "फाडू नगा. खांद्यापाशी टाके उसवा. माघारी मी शिवतो. आन बेगीन करा."

टाके कटकट तुटले. माझ्या खांद्याला वारा लागला. मग हात लागले. घरात लोणी कुठले. तेलात हळद कालवून आणली होती. आश्रुबांचे हात सुकलेल्या सालीसारखे होते. ते चोळू लागले. जिथे जू बसते ती जागा त्यांनी बरोबर शोधली, माझ्यावर जू कधी बसले नसताना. पुन्हा पुन्हा तिथेच चोळले. चोळता चोळता ते एकदा "पाखऱ्या" म्हणाले आणि थांबले. नंतर माझ्या असलेल्या कानाकडे आले, पोत्याला तोंड लावले.

"आज आवतण घ्या. उद्या जेवायला या."

माझे पाय जमिनीत पुरलेले आहेत हे त्यांना माहीत होते. म्हणून जरा थांबून ते म्हणाले, "न्हाई तर आमीच येतो."

पोळ्याच्या दिवशी ते दोघे दुपारीच आले. बायनाबाईंनी सगळ्या वस्तीकडून चिमूट चिमूट गूळ-डाळ जमवून पोळ्या केल्या होत्या. सटव्याने यावेळी न विचारताच माझ्या तोंडाजवळचे टाके काढले. तोंड तेवढे उघड्यावर, डोळे पोत्यात. आश्रुबांनी ते दावे माझ्या गळ्यात बांधले, कपाळावर पोत्यावरूनच कुंकू लावले आणि पोळीचा घास माझ्या ओठांना टेकवला.

बायनाबाई लगेच म्हणाल्या, "लागला घास तोंडाला. झालं. आता तुमी बसा जेवायला."

"खाल्ला कुठं त्यानं?"

"अवो, सिमेंटचा हाय त्यो!"

"आवतण दिलंय. पाव्हणा उपाशी आन मी जेवू?"

बायनाबाईंनी हा विचार केला नव्हता. त्यांना वाटले होते, घास टेकवला की नवरा ऐकेल. पण आश्रुबा ऐकणारे नव्हते. त्यांनी पोळी माझ्या तोंडापुढच्या कठड्यावर ठेवली आणि समोर खाली बसले. मी ऐकत राहिलो. गावातून ताशा ऐकू आला, मारुतीपुढे बैलांची लग्ने लागली असावीत. फार कमी बैल असावेत, कारण ताशा लवकर थांबला. ऊन माझ्या पाठीवरून सरकून खाली गेले. आश्रुबांचा श्वास जड येऊ लागला. बायनाबाई आधी बोलल्या, मग रागावल्या, मग रडू लागल्या.

"एक घास घ्या. तुमाला माझी आण हाय."

"त्यो घेईल. मग घेतो."

मित्रांनो, सिमेंटला घाम येत नाही. पण त्या दुपारी माझ्या पोटातल्या सळया वाकतील असे मला वाटले. एक घास हवा होता. मला जबडा हलवता येत नव्हता.

मग पाचोळ्यावर बारीक खुरे वाजली. मेंदीची फांदी मोडली. एक गरम श्वास माझ्या ओठांवर आला आणि एक ओली, खरखरीत जीभ माझ्या तोंडावरून फिरली. जिथे घास टेकवला होता तिथला गूळ तिने चाटला. मला वाटले मीच खातो आहे. क्षणभर खरेच वाटले. मग कठड्यावर पचपच आवाज झाला.

"आगं हाड! हाड!" कडूबाई धावत आली. काठी शेळीच्या पाठीत बसली. "बाई, लई चूक झाली. दोन दिस तिला कायबी न्हाई, म्हणून सुटली. निवद बाटवला हिनं."

बायनाबाई किंचाळल्याच. "कावून आणतीस बागेत? आज तरी..."

"मारू नगंस," आश्रुबा म्हणाले.

शेळी खातच होती. आश्रुबांनी ती पोळी संपेपर्यंत कुणाला बोलू दिले नाही. नंतर म्हणाले, "आवतण ह्याला दिलतं. ह्याला येता आलं न्हाई. त्यानं त्याचं ताट तिला दिलं असंल."

"अवो..."

"उपाशी जनावर जेवलं. वाढ आता."

बायनाबाईंनी वाढले. आश्रुबांनी कडूबाईलाही बसवले, सटव्यालाही हाक मारली. घास तोंडात गेल्यावर मात्र त्यांच्या गळ्यातून एक आवाज आला, आणि तो जेवणाचा नव्हता. ते रडत जेवले. पण जेवले.

निवडणूक लांबत लांबत हिवाळ्याअखेर झाली, दुसरे पॅनेल आले, माझी पोती निघाली. डोळे उघडल्यावर पाहिले तर बाकावर एकट्या बायनाबाई होत्या. आश्रुबा थंडीत गेले. पुढच्या सालात पाऊस पडला, हिरवळीवर नुसतेच तरोट्याचे तण उगवले, कारखान्याचा बॉयलर काही पेटला नाही. बायनाबाई दर खांदेमळणीला येतात. तेलात कालवलेली हळद माझ्या खांद्याला लावतात, बरोबर त्याच जागी. आवतण देत नाहीत. हात पुसतात आणि जातात.

मित्रांनो, माझ्यावर रंग चढवा, माझा कान जोडा, असे मी म्हणत नाही. तुमच्या गावात अशी एखादी बाग असेल तर तिथे घरच्यांना घेऊन जा, हळू बोला, झोक्याची साखळी जपा. कुंपणातून एखादी उपाशी शेळी आत आली तर दगड उचलण्याआधी तिच्या बरगड्या बघा. आणि मुक्या जनावराला जेवायला बोलवाल तेव्हा त्याला खाता येईल ना, ते आधी बघा. बोलावून उपाशी ठेवणे फार वाईट असते, दोघांनाही.

मला घडवणाऱ्या गवंड्याने माझे तोंड उघडे केले होते. मुले त्यात कागद कोंबतील म्हणून उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ते सिमेंटने बुजवले.