बेचाळीस अभिनंदनं

बारामतीच्या कॉलेजात मृदाशास्त्र शिकवणाऱ्या मेहरीनचा शोधनिबंध नापसंत होऊन परत आला. बावड्याच्या खारवट रानांमागं तिनं पाच वर्षं घालवली होती. संशोधनाचं जे काही असेल ते कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं, असा प्राचार्यांचा हुकूमच होता. तिनं चिडून ते नकाराचं पत्रच टाकलं. धडाधड बेचाळीस अभिनंदनं आली. प्राचार्यांनी तर 'कॉलेजची शान' म्हणून ते फेसबुकवर चढवलं. एकाही मेल्यानं पत्र उघडून वाचलं नव्हतं.

संध्याकाळी बावड्याच्या सावळारामआबांचा फोन आला. मातीचे नमुने त्यांच्याच रानातले. फेसबुकवरचं पत्र त्यांनी नातीकडून शब्द न् शब्द वाचून घेतलं होतं.

"मॅडम," आबा हळूच म्हणाले, "आमची माती नापास झाली व्हय?"